न ऐकता दिलेली साक्ष

२२ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑझबर्न हे इंग्रज गायक निवर्तले. त्याच्या सतराच दिवस आधी, ५ जुलै रोजी, बर्मिंगहॅम शहरातील ॲस्टन या आपल्या बालपणीच्या वस्तीत, व्हिला पार्कच्या मैदानावर, ते आसनावर बसून शेवटचे गायले होते. 'ब्लॅक सॅबथ' या वादकवृंदाचे मूळचे तिन्ही सहकारी त्या वेळी त्यांच्या साथीला होते. त्यांच्या निधनानंतर दोन तऱ्हेची मते कानी आली. एक गेल्या गायकाला 'अंधाराचा राजा' म्हणून मुजरा करणाऱ्यांचे, आणि दुसरे 'सैतानाचा गवई गेला' असे म्हणून सुस्कारा सोडणाऱ्यांचे. दोन्ही मते परस्परविरोधी वाटतात खरी. परंतु नीट पाहिले तर ती एकच आहेत. दोन्हींनी मुखवटा पाहिला, आणि मुखवट्यालाच चेहरा मानले.

या त्रैमासिकाच्या पानांवर हेवी मेटल संगीताची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की क्षणभर थांबावे. आम्ही आज त्या गायकाचे नव्हे, तर 'ब्लॅक सॅबथ'च्या १९७१ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेचे आणि विशेषतः तिच्याविषयी श्रोत्यांनी बनविलेल्या मतांचे परीक्षण करणार आहोत. तिचे नाव 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'. गीते आठ, त्यांपैकी दोन केवळ गिटारीचे छोटे तुकडे. सारा अवधी अवघा चौतीस मिनिटांचा.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. युवकांच्या एका मेळाव्यात आम्हीही पूर्वी या संगीताला 'सैतानी' म्हटले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, आपण त्यातले कोणते गाणे ऐकले आहे?" आम्ही एकही ऐकले नव्हते. त्या मुलाला आम्ही खाली बसविले. तो पुन्हा मेळाव्याला आला नाही. हा लेख त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या आरंभीच एक नियम घालून दिला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेच्या, म्हणजे खोट्या साक्षीच्या, विवेचनात तोच नियम उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा: शेजाऱ्याच्या बोलण्याचा निषेध करण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती माणसाने अधिक तत्पर असावे, तसा अर्थ लागत नसेल तर 'तुला काय म्हणायचे आहे' असे त्यालाच विचारावे, आणि त्याचे म्हणणे खरोखर चुकीचे असेल तर प्रेमाने त्याची चूक दाखवून द्यावी. आमच्या मते समीक्षेला याहून उत्तम नियमावली मिळणार नाही. चांगला अर्थ शोधणे, विचारणे आणि प्रेमाने चूक दाखविणे या तीन पायऱ्यांनीच आपण या ध्वनिमुद्रिकेकडे जाऊ.

ही गाणी करणारे चौघेही ॲस्टनच्या कामगारवस्तीतले. गिटारवादक टोनी आयोमी हे इटालियन वंशाच्या घरातले. वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. डावखुऱ्या वादकाचा उजवा हात म्हणजे तारा दाबणारा हात. प्लॅस्टिक वितळवून त्यांनी बोटांना टोपणे केली आणि पुन्हा वाजवावयास घेतले. त्या बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून पुढे तारा सैल करण्यात आल्या. या ध्वनिमुद्रिकेतील तीन गीतांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वरांनी खाली उतरविलेली आहे. ज्या खर्जातल्या घनगंभीर नादाला कित्येकांनी पाताळाचा आवाज म्हटले, त्याचे मूळ असे एका जखमी कामगाराच्या हातात आहे.

गिटारीच्या जोडीचा खर्ज वाजविणारे आणि बहुतेक गीतांचे शब्द लिहिणारे गीझर बटलर. त्यांचे पूर्ण नाव टेरेन्स मायकल जोसेफ बटलर. डब्लिनहून आलेल्या आयरिश कॅथलिक कुटुंबात ते वाढले. ही गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा त्यांचे वय एकवीस. ऐन तारुण्यात त्यांना गूढविद्येचे आकर्षण वाटू लागले होते. एके रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली आणि आपण घाबरून तो नाद सोडला, ही हकीगत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. वृंदाच्या नावाचे कोडेही असेच साधे आहे. 'ब्लॅक सॅबथ' हे एका भयपटाचे नाव. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनात उलटा क्रूस छापला गेला, तो वादकांच्या सांगण्याप्रमाणे कंपनीने त्यांना न विचारता छापला होता. त्यांच्या गळ्यातले क्रूस मात्र सुलटे होते. ते ऑझींच्या वडिलांनी, एका हत्यारे घडविणाऱ्या कारागिराने, स्वतःच्या हातांनी करून दिलेले होते. छापील उलटा क्रूस जगाने पाहिला. बापाने घडविलेला सुलटा क्रूस फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही.

आता श्रोत्यांची मते पाहू. १९७१ साली ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या आणि अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेली. म्हणजे सामान्य श्रोत्याने ती उचलून धरली. समीक्षकांनी नाके मुरडली. अमेरिकेचे नामवंत समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी तिला 'क' श्रेणीच्याही खालचे गुण दिले. त्यांच्या पिढीच्या जाणकारांना हा नाद ओबडधोबड आणि आशय पोकळ वाटला. अपवाद लेस्टर बँग्स यांचा. आरंभी त्यांनीही या वृंदाची टर उडविली होती. परंतु १९७२ साली 'क्रीम' मासिकात लिहिताना त्यांनी मत बदलले आणि या चौघांना नीतीची चाड असलेले गायक म्हटले. मानवाचे पतन आणि तारण हा कॅथलिक धागा या गाण्यांतून वाहतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याच लेखणीचा निकाल फिरविण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो.

धर्ममंडळींचे मत सर्वांच्या परिचयाचे आहे. मार्च १९९० मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओकॉनर यांनी प्रवचनात हेवी मेटलविषयी गंभीर इशारा दिला आणि तोवर स्वतंत्रपणे गाऊ लागलेल्या ऑझींच्या १९८० सालच्या 'सुइसाइड सोल्यूशन' या गीताचा उल्लेख केला. ऑझींनी तारेने निषेध कळविला. त्या शीर्षकातील इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत: एक उपाय, दुसरा द्रावण. गीत आत्महत्येचा उपाय सुचवीत नाही. दारूच्या द्रावणात माणूस स्वतःला कसा बुडवून मारतो हे ते सांगते. कार्डिनलमहोदयांची तरुणांविषयीची कळकळ खोटी नव्हती, आणि तिचा आम्ही आदर करतो. परंतु कळकळ खरी असली म्हणून साक्ष खरी ठरत नाही. साक्ष द्यावयाची तर आधी पाहावे लागते, ऐकावे लागते.

या निषेधाच्या नेमके उलट टोक म्हणजे काही ख्रिस्ती श्रोत्यांचे मत. त्यांनी 'आफ्टर फॉरेव्हर' हे एक गीत हाती धरून सबंध ध्वनिमुद्रिकेला जणू बाप्तिस्माच दिला. २०१५ साली 'स्ट्रायपर' या ख्रिस्ती वादकवृंदाने ते गीत आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले, ते उचितच झाले. परंतु एका गीतावरून आठ गीतांचा निवाडा करणे, हीसुद्धा न ऐकण्याचीच एक तऱ्हा होय. तिसरा वर्ग निव्वळ नादप्रेमींचा. पुढच्या पिढ्यांतील संथ आणि जड वाजविणारे असंख्य वादक या ध्वनिमुद्रिकेला आपली गंगोत्री मानतात. शब्दांशी त्यांना कर्तव्य नसते. गिटार कळली की सारे कळले, असे ते समजतात.

तेव्हा शब्दांकडे वळू. 'आफ्टर फॉरेव्हर' हे गीत श्रोत्याला सरळ प्रश्न विचारते: मेल्यावर तुझ्या आत्म्याचे काय, याचा तू कधी विचार केला आहेस काय? मित्र हसतील म्हणून तू श्रद्धा लपवितोस काय? गीताचा नायक सांगतो की मला सत्य दिसले, प्रकाश दिसला, मी बदललो. आणि तारण ख्रिस्ताच्या प्रीतीतच आहे असा त्याचा निष्कर्ष आहे. याच गीतात पोपमहोदयांच्या फाशीची कल्पना असलेली एक ओळ येते. तेवढीच ओळ तोडून ऐकणाऱ्या धार्मिकाला ती ईशनिंदा वाटली आणि बंडखोराला तीच घोषणा वाटली. वस्तुतः ते प्रश्नचिन्हात संपणारे वाक्य आहे, आणि प्रश्न विचारला आहे तो टवाळखोराला: खरोखरच हे पाहावयाचे आहे का तुला? ओळीच्या शेवटचे चिन्ह न पाहता दोन्ही पक्षांनी तिचा अर्थ उलटा केला.

हे गीत कोठून आले हेही ध्यानात घ्यावे. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडीत होते. काटेकोर कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या आयरिश घरच्या मुलाला ते पाहून काय वाटले असेल? त्या हिंसाचाराने अस्वस्थ होऊन आपण हे लिहिले, असे बटलर यांनी सांगितले आहे. संत इग्नेशियस म्हणतात त्याप्रमाणे 'तुला काय म्हणायचे आहे' असे या तरुणाला कोणी वेळेवर विचारले असते, तर पुष्कळसा गैरसमज तेव्हाच टळला असता.

'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' या गीताने आणखी घोटाळा केला, कारण त्यात सैतान स्वतः बोलतो. परंतु शीर्षकच शुभवर्तमानाच्या ओळखीचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सैतानाला जगाचा अधिकारी म्हणतो आणि तो बाहेर टाकला जाईल असेही सांगतो. गीतातील सैतान माणसाला हिणवतो: मला कोणी लादले नाही, देव सोडून तूच मला निवडलेस, धन, सत्ता, अहंकार यांचे मोल आता चुकव. हे सैतानाचे स्तोत्र नव्हे. हे माणसावरचे आरोपपत्र आहे. उपवासकाळात आपल्या धर्मग्रामांत प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य होते. यहूदाची भूमिका करणारा तरुण चांदीची नाणी मोजतो, तेव्हा आपण शहारतो. परंतु दुसऱ्या दिवशी त्याला मिस्सेला येण्यास मनाई करीत नाही. उलट, भूमिका छान वठली म्हणून त्याची पाठ थोपटतो. नाट्यात पात्र आणि नट वेगळे, हे आपल्याला समजते. मग गाण्यातच ते का समजू नये?

उरलेल्या गीतांतही विचार आहे. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' अणुयुद्धाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांविषयी आहे. प्रीतीचा मार्ग धरा, नाही तर तुमची गणना थडग्याच्या लेकरांत होईल, असे ते तरुणांना बजावते. 'इन्टू द व्हॉइड'मध्ये माणसांनी नासविलेली पृथ्वी सोडून काही जण अग्निबाण घेऊन निघून जातात. पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या रक्षणाविषयीचे परिपत्र २०१५ साली आले. हे गीत त्याआधी चव्वेचाळीस वर्षांचे आहे. 'सॉलिट्यूड' तर या वृंदाच्या बदनामीला लाजविणारे हळुवार गीत. आयोमींनी त्यात बासरी वाजविली आहे, आणि ऑझींचा आवाज इतका मवाळ लागला आहे की हा गायक दुसराच कोणी असावा असे प्रथम ऐकताना वाटावे.

येथवर आपण चांगला अर्थ शोधला. आता तिसरी पायरी चढणे भाग आहे. ध्वनिमुद्रिकेचे पहिलेच गीत 'स्वीट लीफ' हे गांजाचे कौतुक आहे. आरंभी ऐकू येणारा ठसका आयोमींचाच. येथे ना पात्र आहे, ना उपरोध. प्रेयसीचे गुण गावे तसे वनस्पतीचे गुण गाइले आहेत. या गीताला कोणताही मुलामा चढविण्याची आमची इच्छा नाही. व्यसनांनी या चौघांचे काय केले हे इतिहासाने दाखविले. १९७९ साली ऑझींना वृंदातून काढण्यात आले त्यामागे दारू आणि अमली पदार्थ हेच मुख्य कारण होते. विशी-बाविशीच्या तरुणांनी गाइलेली स्तुती त्यांच्या पुढच्या आयुष्यानेच खोडून काढली. व्यसनाने पोळलेल्या एखाद्या घराने हे गीत दारातूनच परतविले, तर आम्ही त्या घराच्या बाजूने उभे राहू.

'आफ्टर फॉरेव्हर'मध्येही उणे आहे. मरणाच्या घटकेला पस्तावशील, असा धाक दाखवून श्रद्धेकडे वळविणारे प्रवचन त्यात डोकावते. धाकाने आलेली श्रद्धा धाक सरला की जाते, हे बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात छडीच्या भयाने प्रश्नोत्तरे पाठ केलेल्या पिढीला वेगळे सांगावयास नको. शब्दरचनाही जागोजाग बोजड आहे. यमकासाठी अर्थाची ओढाताण झाली आहे. बटलर हे थोर कवी नव्हेत. त्यांच्याजवळ प्रश्न होता आणि तो विचारण्याचे धैर्य होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नादाविषयी एक शब्द. पुष्कळ ज्येष्ठांची तक्रार शब्दांविषयी नसतेच. हा गोंगाट त्यांना सोसवत नाही. ती तक्रार रास्त आहे. रुचीवर सक्ती नाही. परंतु 'मला आवडत नाही' आणि 'हे पाप आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि त्यांची गल्लत आपण पूर्वीही केली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने स्थानिक संगीतपरंपरांना मान दिला. त्यानंतर तबला आणि भजनाची चाल चर्चमध्ये आली, तेव्हा 'हे आपले नव्हे' म्हणून नाराज झालेले भाविक थोडे नव्हते. आज त्याच चालींवर आपली नातवंडे 'प्रभू, दया कर' म्हणतात. वाद्याला धर्म नसतो. ते वाजविणाऱ्या हाताला आणि ऐकणाऱ्या मनाला असतो.

या ध्वनिमुद्रिकेच्या श्रोत्यांविषयीचे सर्वांत हृद्य पुस्तक एका कादंबरीच्या रूपात आले आहे. अमेरिकन गीतकार आणि लेखक जॉन डार्नियल यांनी २००८ साली ते लिहिले. त्याचे नावही 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' असेच आहे. डार्नियल यांनी पूर्वी मनोरुग्णालयात परिचर्येचे काम केले होते. कथा १९८५ सालची. मनोरुग्णालयात ठेवलेल्या रॉजर नावाच्या कुमारवयीन मुलाच्या ध्वनिफिती काढून घेतल्या आहेत. रोजनिशीत तो गॅरी नावाच्या कर्मचाऱ्याला उद्देशून लिहीत राहतो: माझी ही फीत परत द्या, यात काय आहे ते मी तुम्हाला समजावून सांगतो. आरंभी शिव्या, मग विनवणी, मग चक्क समीक्षा. गिटार कशी वाजते, गायकाचा आवाज आपल्याला आपलासा का वाटतो, हे सारे तो जीव तोडून मांडतो. मुलाला उपचारांची गरज होतीच; परंतु त्याची तहान होती ती कोणी तरी आपल्या शेजारी बसून चौतीस मिनिटे ऐकावे याची. फीत काढून घेणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त ऐकले नाही.

हे वाचताना आम्हाला मागच्या बाकावरचा आमचा तो मुलगा आठवला.

या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन मोठे अर्थपूर्ण आहे. पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर वृंदाचे नाव जांभळ्या, लाटांसारख्या अक्षरांत आहे. ध्वनिमुद्रिकेचे नाव मात्र सुरुवातीच्या प्रतींवर काळ्यावर काळेच, केवळ उठावाने छापलेले होते. दुरून पाहणाऱ्याला ते दिसत नसे. हातात घेऊन, उजेडाकडे तिरपे धरून, बोट फिरविले तरच वाचता येई.

आपल्या घरांतूनही अशी काळी वेष्टने आहेत. आता मुले कानांत यंत्रे घालून ऐकतात, त्यामुळे भिंतीपलीकडचा गोंगाटसुद्धा आपल्याला ऐकू येईनासा झाला आहे, आणि त्यात काय चालले आहे हे समजण्याची उरलीसुरली वाटही बुजली आहे. अशा वेळी आईबापांनी 'बंद कर ते' म्हणण्याआधी एकदा 'मलाही ऐकव' म्हणून पाहावे. ऐकून झाल्यावर 'हे गीत चांगले, हे मात्र घातक' असे सांगण्याचा आपला अधिकार कोणी हिरावून घेत नाही. उलट, ऐकल्यानेच तो अधिकार प्राप्त होतो. आमचा निकाल विचाराल तर 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' ही ना सैतानाची पोथी, ना संतांची. एका जखमी हाताने आणि एका गोंधळलेल्या कॅथलिक तरुणाच्या लेखणीने केलेली ती प्रामाणिक, सदोष, अस्वस्थ करणारी कृती आहे. तिच्यातले एक गीत वर्ज्य करावे, एक-दोन सोडून द्यावीत. परंतु 'आफ्टर फॉरेव्हर'मधला आत्म्याविषयीचा प्रश्न मात्र घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून ऐकावा. त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे असे आपण रविवारी मोठ्याने म्हणतो. मग सोमवारी तो प्रश्न कोणी विचारला, तर त्याला खाली का बसवावे?